चेस्टरफील्डचं शिखर सरळ का करू नये

दादा, एवढी सविस्तर कमेंट टाकलीत त्याबद्दल आधी थँक्यू. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की इंग्लंडमधल्या चेस्टरफील्डच्या सेंट मेरी अँड ऑल सेंट्स चर्चचं वाकडं शिखर म्हणजे सुतारांचा कामचुकारपणा, त्याला ग्रेड वनचं (तिथल्या वारसा इमारतींमधल्या सगळ्यात वरच्या दर्जाचं) संरक्षण देऊन मिरवण्यापेक्षा पिसाच्या मनोऱ्यासारखं सरळ करून टाकावं. मला हे अजिबात पटलं नाही.

पिसाचं आधी बोलू. तिथे घोळ जमिनीत होता, माती मऊ, म्हणून एका बाजूची माती हळूहळू काढून मनोरा साधारण ४५ सेंमी मागे आणला, आणि तरी पूर्ण सरळ नाहीच केला. चेस्टरफील्डला पीळ आहे तो लाकडातच. २२८ फूट उंचीवरचं टोक मध्यापासून साडेनऊ फूट बाजूला गेलंय आणि सगळं शिखर ४५ अंशात पिळलंय, आता हे माती उकरून कसं सरळ होणार? ते सरळ करायचं म्हणजे वासे उतरवून नवे घालायचे, मग संरक्षण कशाचं करताय?

आता कामचुकारपणा. शिखर साधारण १३६२ सालचं. ओक वाळला की दगडासारखा होतो, म्हणून त्या काळी सुतार तो ओलाच कापायचे, जोडायचे, ही सर्रास पद्धत होती, चेस्टरफील्डवाल्यांनी काही वेगळं केलं नव्हतं. ओल्या लाकडाची दाराची चौकट कशी पिळते ते आपण घरोघरी बघतोच, इथे तर आत तिरके आधार कमी आणि वरून ३३ टनांच्या आसपास शिसं, त्यात दक्षिणेची बाजू उन्हात जास्त तापणार, शिसं फुगणार, आकसणार. प्लेगने जाणते कारागीर गेले होते म्हणून आधार कमी पडले असंही सांगतात, आणि ते खरं असेल तर ज्यांनी मागे उरून हे उभं केलं त्यांना कामचुकार म्हणणं मला तरी जमणार नाही. साडेसहाशे वर्षं उभं आहे ते! (सैतानाने लाथ मारली वगैरे गोष्टी गावात चालतातच, त्यावरून नको भांडायला.)

मी टॉवरवर जाऊन शिखराच्या आत मान वर करून बघितलंय. जुने जाड वासे, त्यांना वेगवेगळ्या काळात दिलेले टेकू, कुठे जुनं लाकूड काळं पडलेलं तर कुठे नंतरचं उजळ, म्हणजे दुरुस्ती होतच आलीय, फक्त पीळ तसाच ठेवून. बाहेरून शिशाचे पत्रे हेरिंगबोन पद्धतीने, म्हणजे माशाच्या काट्यांसारखे तिरके बसवलेत, त्यामुळे आठ बाजू असून जास्त वाटतात आणि पीळ आहे त्याहून मोठा दिसतो. फोटोवरून तुम्हाला ‘आता पडेल’ वाटलं त्यात याचाही हात आहे.

२२ डिसेंबर १९६१ ला चर्चच्या उत्तर भागात आग लागली, १७५६ चा ऑर्गन जळून गेला, मग ग्लासगोहून दुसरा जुना आणून बसवला. ऑर्गनला पर्याय मिळाला, शिखराला कुठून आणणार? म्हणूनच तिथे मोठा बदल करायचा तर डर्बीच्या धर्मप्रांताकडून ‘फॅकल्टी’ नावाची परवानगी काढावी लागते, मनात आलं आणि क्रेन बोलावली असं होत नाही. तुम्ही सिव्हिलवाले आहात असं लिहिलंय, तर त्या जोडांबद्दल, आधारांबद्दल लिहा ना, ते वाचायला मला खरंच आवडेल.