भुकेल्या मुलाला अन्नच हवे, पण कोणते : एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार.

आतड्यातील सूक्ष्मजीवांचा आपल्या आरोग्याशी आणि पोषणाशी जवळचा संबंध आहे, असे सांगणाऱ्या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. शरीरात पेशींच्या १० पट जीवाणू असतात हे विधान चुकीचे आहे, बहुतेक पुरावा उंदरांवरचा आहे, आणि मेळघाटातल्या मुलाला अन्न मिळत नसताना जंतूंची चर्चा करणे ही भरल्या पोटाची चैन आहे. आपण नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात अनेक वर्षे बालरुग्ण तपासले आहेत; त्यामुळे तिसरा आक्षेप मनाला लागला आणि उत्तराचा बराचसा भाग त्यालाच दिला आहे.

पहिला आक्षेप मान्य. १० पटीचा आकडा १९७२ मधल्या एका ढोबळ अंदाजावरून सगळीकडे पसरला. सेंडर, फुक्स आणि मिलो यांच्या २०१६ च्या हिशेबानुसार ७० किलो वजनाच्या पुरुषात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू आणि ३० लाख कोटी पेशी असतात, म्हणजे जवळजवळ बरोबरीच. लेखात दुरुस्ती केली आहे.

उंदरांविषयीचे आपले म्हणणे लठ्ठपणावरच्या संशोधनाला बऱ्याच अंशी लागू पडते. परंतु क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जीवाणूमुळे होणाऱ्या जुलाबांनी पुन्हापुन्हा आजारी पडणाऱ्या रुग्णांवरची नेदरलँड्समधील चाचणी माणसांवरचीच होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत निरोगी व्यक्तीच्या विष्ठेतील जीवाणू नळीवाटे आतड्यात सोडल्यावर १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच खेपेला बरे झाले. नुसते व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक घेतलेल्या १३ जणांत ही संख्या ४ होती. ओडिशातील ४,५५६ नवजात बालकांवरची, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी तर आपल्याच विषयातली आहे. लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम हा उपयुक्त जीवाणू आणि त्याचे खाद्य असे मिश्रण जन्मानंतर आठवडाभर दिलेल्या बालकांत जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचे प्रमाण ५.४ टक्के होते, तर इतरांत ते ९ टक्के होते.

आता मेळघाट. परवा सीताबर्डीहून आणलेले संत्रे खाताना माझी नात फोडीवरचे पांढरे धागे एकेक सोडवून ताटलीच्या कडेला लावत होती. त्या धाग्यांतला पेक्टिन हा तंतुमय पदार्थ पचवणारे विकर (एन्झाइम) माणसाचे शरीर तयारच करत नाही; मोठ्या आतड्यातले जीवाणू तो फोडतात आणि त्यातून निघणारी मेदाम्ले आतड्याच्या अस्तराला इंधन म्हणून उपयोगी पडतात. म्हणजे मुलाच्या तोंडात किती अन्न गेले एवढ्यावर हिशेब पुरा होत नाही. मलावीमध्ये ३१७ जुळ्या जोड्यांवर तीन वर्षांच्या वयापर्यंत लक्ष ठेवण्यात आले, तेव्हा एकाच घरात वाढणाऱ्या काही जोड्यांत एक मूल क्वाशिओरकोर या कुपोषणाच्या आजाराने सुजले आणि दुसरे धडधाकट राहिले. शेंगदाण्याचा उपचारात्मक आहार चालू असताना आजारी मुलांच्या आतड्यातील जीवाणूंची घडण वयाप्रमाणे पुढे सरकू लागली. आहार थांबल्यावर ती पुन्हा मागे गेली.

याच धाग्याने अमेरिकेतील सूक्ष्मजीव-संशोधक जेफ्री गॉर्डन यांचा गट आणि ढाक्यातील संशोधक पुढे गेले. निरोगी मुलाच्या वाढत्या वयाबरोबर आतड्यात वाढणाऱ्या जीवाणूंना पोसणारे पदार्थ निवडून त्यांनी हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे आणि कच्ची केळी यांचे मिश्रण केले आणि ते मध्यम कुपोषित मुलांना तीन महिने दिले. चाचणीत १२ ते १८ महिन्यांची १२३ मुले होती. नेहमीच्या पूरक आहारापेक्षा या मिश्रणात उष्मांक कमी होते, तरीही ते खाणाऱ्या मुलांची वजनवाढ अधिक वेगाने झाली. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डॉक्टरसाहेब, हे अन्नच आहे. जंतूंचा विचार केला म्हणून अन्न मागे पडले नाही, उलट कोणते अन्न द्यावे ते त्यामुळे ठरवता आले.

मी लेखात एकाही महागड्या कॅप्सूलची शिफारस केलेली नाही, आणि करणारही नाही. हरभरा आणि सोयाबीन आपल्या विदर्भातल्याच शेतांत पिकतात. मात्र ढाक्याच्या वस्तीतले मिश्रण जसेच्या तसे धारणी-चिखलदऱ्याच्या अंगणवाडीत वाटावे असेही मी म्हणणार नाही, कारण आतड्यातले जीवाणू रोजच्या जेवणानुसार बदलतात आणि तिथल्या मुलांचे जेवण वेगळे आहे. आधी तिथेच, आपल्यासारख्या बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, त्याची नीट चाचणी व्हायला हवी.