नाव कोणाच्या ईमेलवर आहे?

नमस्कार दादा,

नव्या धंद्याला वेबसाइट हवीच, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तुम्ही लिहिलंत, "खेड्यातल्या पोरांना वेबसाइटच्या नादी लावून खर्चात पाडू नका. माझ्या पुतण्यानं लाकडी घाण्याच्या तेलासाठी 18,000 रुपये घातले, वर्षात एक ऑर्डर आली नाही. गावाकडचा धंदा व्हॉट्सॲपवरच होतो."

नवा धंदा काढणाऱ्या प्रत्येकाने वेबसाइट करावी असं मी सरसकट लिहिलं, ते चुकलं. पीठगिरणीला, किराण्याला, गावातच खपणाऱ्या दुधाला तिची गरज नाही. पण माल गावाबाहेर जाणार असेल, तर मी माझ्या मतावर कायम आहे.

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात हळद पिकते. इथल्या वायगाव हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या भागाच्या खास मालाची सरकारी ओळख) मिळालं. (ते नाव मालावर वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, हे हळदवाल्यांनी लक्षात ठेवावं.) आमची वहिनी घरची हळद उकडून, वाळवून, दळून पाकिटं भरते. पहिली वेबसाइट शहरातल्या एका ओळखीच्या मुलाने करून दिली. वर सरकणारे पाच मोठे फोटो, त्यामुळे वावरातल्या रेंजवर ती उघडता उघडत नसे. तेही एक वेळ चाललं असतं. पण डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, त्याने स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं आणि आम्हाला ते विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते मुदतीने मिळतं, मुदत संपायच्या आत पुन्हा पैसे भरावे लागतात. आठवणीचे ईमेल त्या मुलाला गेले आणि त्याचा नंबर तोवर बदलला होता. मुदत संपली तरी सहसा काही दिवस नाव परत घेता येतं, पुढे त्याला जास्तीचे पैसे पडतात आणि शेवटी ते कोणालाही मिळू शकतं. आमचं नाव असंच गेलं. घरात तेव्हा 2,000 छापील पाकिटं पडून होती, प्रत्येकावर तोच पत्ता. वहिनी आठ रात्री पाकिटांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवत बसली. लाईन गेली की मोबाइलच्या उजेडात. मधेच एकदा म्हणाली, "भाऊजी, नाव आपलं होतं नं? मंग ते दुसऱ्याच्या हातात कसं काय गेलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो लेख मी त्या प्रश्नापायी लिहिला.

आता व्हॉट्सॲप. आमच्याही बहुतेक ऑर्डरी तिथेच येतात. पण ज्याच्याजवळ नंबर आहे त्याच्यापुरतं ते काम करतं. गेल्या दिवाळीत पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्यांनी नणंदेच्या घरी आमची हळद खाल्ली होती, पाकीट केव्हाच फेकलेलं, नाव तेवढं लक्षात होतं. ते गूगलवर टाकलं, आमचं पान निघालं, तिथून नंबर मिळाला. ही दुसरी वेबसाइट एका पानाची आहे, डोमेन वहिनीच्या ईमेलवर, तिच्या नावावर.

तुम्ही दिलेली पुतण्याच्या साइटची लिंक उघडून पाहिली. पोराने मेहनत घेतली आहे, घाण्याचा फोटो तर फार सुंदर. पण वर "आमच्या संकेतस्थळावर आपले स्वागत आहे", खाली "आमचे ध्येय", आणि जवसाच्या तेलाचा भाव कुठेच नाही. अकोल्याच्या गिऱ्हाइकाला काय हवं असतं? लिटरला किती, कुरिअर धरून की वेगळं, डबा वाटेत गळला तर बदलून देता का, तेल कधी काढलेलं आहे. एवढं चार ओळीत, आपण बोलतो त्या मराठीत लिहा. खाली एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थाच्या सरकारी परवान्याचा, 14 अंकी नंबर, गावाचा पूर्ण पत्ता आणि व्हॉट्सॲपचं बटण. फोन मारल्यावर कळेल, असं लिहिलं की अनोळखी माणूस फोन मारतच नाही. मोबाइलवरचा 4-5 एमबीचा फोटो 150 केबीवर आणला तरी घाणा तेवढाच छान दिसतो. साइटवरच पैसे घेण्याच्या भानगडीत इतक्यात पडू नका, यूपीआयवर भागतं. गूगलच्या नकाशावर धंद्याची नोंद फुकट होते, ती मात्र याच आठवड्यात करा.

18,000 गेले याचं मलाही वाईट वाटतं. त्यातला बराचसा पैसा सजावटीत गेलेला दिसतो. पण साइट बंद करा असं त्याला सांगू नका. आधी बनवणाऱ्याला गाठून डोमेन कोणाच्या ईमेलवर आहे आणि मुदत कधी संपते ते विचारायला सांगा. दुसऱ्याच्या ईमेलवर असेल तर तो माणूस फोन उचलतो आहे तोवरच आपल्याकडे वळतं करून घ्या, पासवर्डसकट. काय कळलं ते इथेच लिहा. तेलाचे भाव पाठवलेत तर पानाचा मजकूर मी बसून लिहून देतो, त्याचे पैसे नकोत.