गोकाकचा दगड आणि पाचपट वेग: एक खुलासा

खानापूर-बेळगाव भागात दहावीच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'गोकाकच्या धबधब्यावरून सोडलेला पाच किलोचा दगड एक किलोच्या दगडापेक्षा पाचपट वेगाने खाली येतो.' हे चूक आहे.

गोकाकचा कडा साधारण ५२ मीटर. तिथून दगड एक किलोचा असो वा पाच, सव्वातीन सेकंदांत तळाशी. पाच किलोच्या दगडाला पृथ्वी पाचपट जोराने ओढते, एवढं खरं. पण त्याला हलवायलाही पाचपट जोर लागतो, हे लिहिणारा विसरला. भरलेलं पोतं आणि रिकामं पोतं ढकलून बघा, कळेल. ओढ वाढली तेवढाच जडपणाही वाढला, म्हणून दोघांचं त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर, एकच राहतं, सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद.

कड्यावर जाऊन दगड टाकू नका, खाली माणसं असतात. मी घरच्या विहिरीवर नारळ आणि सुपारी एकदम सोडली. दोन आवाज येतील म्हणून पोरगा कान देऊन उभा होता. 'डुबुक्' एकदाच झालं. तो म्हणाला, "पप्पा, परत करा की."

मग पिंपळाचं पान का तरंगत येतं? हवेमुळे. चंद्रावर हवा नाही. १९७१ साली अपोलो १५ या चांद्रमोहिमेतल्या अंतराळवीर डेव्हिड स्कॉटने तिथे हातोडा आणि पीस एकदम सोडलं, दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकली.

मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हेही टाका.