स्कूटर सोडा, चूल बघा

सकाळपासून तीन ग्रुपवर तेच फॉरवर्ड येतंय. 'पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली स्त्री'. खाली टाळ्यांचा पाऊस. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे म्हणजे एवढंच उरलं का आपल्याकडे? डोकं फिरलं, म्हणून लिहितेय.

१९२८ साली ही बाई संशोधनासाठी बर्लिनला गेली. मार्गदर्शक कोण, तर ओइगेन फिशर, पुढे नाझींनी डोक्यावर घेतलेला माणूस. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूतला फरक वंशावर ठरतो, गोरे त्यात वरचढ, हे त्याला सिद्ध करून हवं होतं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि त्याच्याच संस्थेत बसून लिहिलं, असा काही संबंध दिसत नाही. पंचविशीही उलटली नव्हती हो त्यांची!

पुढेही बाई माणसांची मोजमापं घेत राहिल्या, आणि त्या पद्धतीला आज फारसं कुणी विचारत नाही. बरं, मान्य. पण त्या नुसत्या मोजत बसल्या नाहीत. गावोगाव हिंडल्या. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली, ती १९६९ साली छापून आली. पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

आणि त्या वारीला गेल्या. माझा जीव अडकलाय तो तिथे.

मी बारा वर्षांची असताना आजीबरोबर वारीत चालत होते. तरडगावच्या मुक्कामाला आमची चूल वेगळी, शेजारच्या बायकांची वेगळी. दिंडी एकच. तिकडच्या एका मावशींनी हातावर भाकरी-पिठलं दिलं. पहिला घास घेतला आणि आजीने दंडाला धरून ओढत आणलं. सकाळी याच मावशींबरोबर ती फुगडी खेळली होती.

इरावतीबाईंनी नेमकं हेच लिहून ठेवलंय. एकाच दिंडीत ब्राह्मण बायका वेगळ्या जेवतात, मराठा बायका वेगळ्या. सगळ्याच आंघोळ करून जेवणाऱ्या, सगळ्यांच्या तोंडी तेच अभंग, मग हे वेगळेपण कशाला? त्या चालत होत्या, त्यांना त्रास होत होता, आणि त्यांनी तो लपवला नाही. त्यांच्या 'युगान्त' पुस्तकाचं आपण सगळे कौतुक करतो, करायलाच हवं. पण महाभारतातल्या माणसांना प्रश्न विचारणं एक, आणि शेजारी चालणाऱ्या आपल्याच बायकांच्या चुलीबद्दल विचारणं वेगळं.

स्कूटरचंही अप्रूप आहे, नाही कशाला म्हणू. त्या काळात लोक वळून बघत असतील.

आता राग उतरलाय. आजीच आठवतेय.

शेवटच्या आजारपणात तिला मी वारीचा तो लेख वाचून दाखवला होता. चुलींचा भाग आला तशी तिने कूस बदलली. झोप लागली असं वाटून मी पुस्तक मिटलं.

"त्या दिवशीचं पिठलं," भिंतीकडे तोंड करूनच तिने विचारलं, "कसं झालं होतं गं?"