पेटीवर कडवंचीचं नाव पाहिजे

जालना तालुक्यातलं कडवंची म्हणलं की लोकं लगेच शेततळ्यांचं बोलतात, आणि बरोबरच आहे ते. 1996 ला पाणलोटाचं काम सुरू झालं, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची माणसं आणि पाणलोटाच्या कामातले जाणकार विजयअण्णा बोराडे गावाच्या मागं लागून राहिले, बांधबंदिस्ती झाली, मग ड्रीप, मग शेततळी, आणि 2012 च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा जळत होत्या, लोकं झाडं तोडायलेते, तेव्हा कडवंचीत द्राक्षाचे घड लटकत होते. मला या गावाचा लई अभिमान आहे.

पण आज पाण्याचं नाही, विक्रीचं बोलायचंय. व्यापारी बागेत येतो, मणी बघतो, गोडी बघतो, जागेवर भाव ठरतो, पेट्या भरल्या की गाडी गेली. पेटीवर मार्का त्याचा. एप्रिल छाटणी, ऑक्टोबर छाटणी, डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवणं, थिनिंग म्हणजे मणी विरळ करणं, डावणी रोग येईल म्हणून ढगाळ हवेत सारखी फवारणी, हे सगळं ज्यांनी केलं त्यांचं गाव खाणाऱ्याला माहीतच होत नाही.

मध्ये फ्रान्समधल्या एका वाइनच्या गावाबद्दल वाचलं, शातोनफ-द्यु-पाप. लोकसंख्या दोन हजाराच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या ग्रामपंचायतीएवढं. रान सगळं गोट्यांचं, गुळगुळीत गोटे, दिवसा तापतात आणि रात्री वेलीला ऊब देतात. 14 व्या शतकात पोप जवळच्या अविन्योंला राहायचे, त्यांनी इथं किल्ला बांधला, गावाच्या नावात पोप आले ते त्यामुळं. 19 व्या शतकात मुळावरच्या फिलॉक्सेरा किडीनं तिथल्या बागा बसल्या होत्या. आणि मुख्य म्हणजे इथली वाइन कित्येक वर्षं ठोकमध्ये बरगंडीला जायची, तिकडच्या हलक्या वाइनमध्ये मिसळून तिला दम आणायला. माल यांचा, नाव दुसऱ्याचं. वाचताना आपलंच वाटलं मला.

मग 1923 ला तिथल्या बागायतदारांनी स्वतःच नियम घातले, ल रुआ नावाचा वकिली शिकलेला बागायतदार पुढं होता. ज्या रानात थाइम आणि लॅव्हेंडरची झुडपं येतात तेवढंच रान धरायचं, म्हणजे हलकंच. द्राक्षाच्या जाती ठरलेल्या, छाटणी ठरलेली, तोडणीला किमान 5 टक्के कमी प्रतीचा माल निवडून बाजूला काढायचाच, अल्कोहोल 12.5 टक्क्यांच्या खाली नको. कुणी वरून लादलं नव्हतं हे, गावानं आधी स्वतःला बांधून घेतलं आणि सरकारचा शिक्का नंतर आला, 1936 ला. आज बाटलीवर गावाचं नाव असतं आणि ते नाव जगभर विकतं. 1954 ला तर त्यांच्या मेअरनं, म्हणजे आपला सरपंच समजा, उडत्या तबकड्यांना गावच्या हद्दीत उतरायला बंदीचा आदेश काढला होता, त्याची पण चर्चा अजून होते.

वाइन म्हणलं की आपल्याकडं वाद सुरू होतो, 2022 ला सुपरमार्केटात वाइन विकू द्यायच्या निर्णयावरून काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. मी वाइन काढा म्हणत नाहीये. वारकऱ्यांचा मुलूख आहे आपला, कडवंचीची द्राक्षं खायची आहेत, खायचीच राहू द्या. मी नियमांबद्दल बोलायलोय. भाव चढलाय म्हणून गोडी भरायच्या आत एकानं जरी माल तोडला तरी आंबट द्राक्ष खाल्लेला माणूस पूर्ण गावाला नावं ठेवतो, म्हणून किती गोडी आल्याशिवाय कात्री लावायची नाही हे ग्रामसभेत ठरायला पाहिजे, शेजारच्या नंदापूरला पण सोबत घ्यायला पाहिजे. जालन्याच्या मोसंबीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, दगडी ज्वारीला मिळालं, नाशिकच्या द्राक्षाला कधीच मिळालंय. पण जीआयचा कागद आला आणि माल तसाच व्यापाऱ्याच्या मार्कानं गेला तर काय उपयोग.

ज्या गावानं पाणी अडवायला सगळ्यांना एका कामावर आणलं, बांधावरची भांडणं मिटवून चर खोदले, त्यांना हे जड नाही. कडवंचीतली कुणी मंडळी, शेतकरी कंपनीवाले हे वाचत असतील तर ऑक्टोबर छाटणीच्या आधी एक बैठक लावा, पेटीचं डिझाइन, छपाई, शहरातल्या सोसायट्यांमध्ये थेट विक्रीची ओळख, यासाठी मी आणि माझे काही मित्र यायला तयार आहोत, मेसेज करा.