उकड्या तांदळाची पेज आणि पेशीतील थायमिन

भात म्हणजे निव्वळ पिष्ट आणि म्हणून निव्वळ उष्मांक, असे विधान भाताविषयीच्या एका लेखात वाचले; ते पॉलिश केलेल्या तांदळापुरते बऱ्याच अंशी मान्य करता येईल. परंतु आम्हा गोमंतकीयांच्या घरी सकाळी दहा-अकराच्या सुमारास जी पेज होते, ती उकड्या तांदळाची असते आणि तिथे हिशेब बदलतो. भात (म्हणजे साळ) टरफलासकट भिजवून उकडताना कोंड्यातील थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, पाण्यावाटे दाण्याच्या आत शिरते आणि पुढे गिरणीत कोंडा निघाला तरी त्याचा बराचसा भाग टिकून राहतो. पिष्टातून मिळणाऱ्या ग्लुकोजपासून पायरुव्हेट हा पदार्थ तयार होतो; त्याचे मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रात, पुढील रूपांतर करणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) थायमिनपासून बनलेले सहविकर, म्हणजे साहाय्यक रेणू, लागते. ते नसेल, तर पिष्ट पोटात जाऊनही पेशीला त्यातील ऊर्जा पुरती काढता येत नाही आणि मज्जातंतू व हृदय यांना त्याची झळ विशेष बसते. बेरीबेरी हा आजार तो हाच. जावा बेटावर पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांत तशीच लक्षणे टिपणारे डच वैद्य आइकमन यांना १९२९ चे नोबेल विभागून मिळाले. थायमिन पाण्यात विरघळत असल्यामुळे भात वेळून पाणी ओतून देणाऱ्यापेक्षा पेज पिणारा (सोबत खारा बांगडा असो वा नसो) अधिक लाभात राहतो.