भाववहीचे दिवस

आमच्या घरात तूरडाळीचा भाव सांगायचा अधिकार माझा. डाळ कधी आणायची, हे ठरवायचा आईचा. मधल्या जागेत बायको हसत असते.

मी भावाची वही ठेवतो. 2022 ची पानं तर इतिहासाच्या पुस्तकात लागावीत अशी आहेत. फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला, सूर्यफुलाचं तेल भडकलं. एप्रिलअखेर इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात रोखली. मी गंभीरपणे ही बातमी जेवताना सांगितली. "आपल्याकडे पामतेल येतंच कुठे?" बायको म्हणाली. मी फरसाणाच्या पुडीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. तिनं पुडीच काढून घेतली. नुकसान कोणाचं झालं, ते सांगायला नकोच.

मग 13 मे उजाडला. सरकारनं गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. म्हटलं, "आई, थांब, आता गहू उतरणार!"

"आणि पाऊस? तो थांबणार आहे का?"

यावर माझ्या वहीत रकाना नव्हता. वर्षाचं धान्य मे महिन्यात भरायचं ते भावासाठी नव्हे, उन्हासाठी. गहू कडकडीत वाळला नाही, तर पावसाळ्यात पोरकिडे आपल्याआधी जेवायला बसतात. पोत्यामागे वाचलेले शे-दीडशे रुपये त्यांच्याच पोटात जाणार. त्यामुळे जागतिक बाजारपेठ बाजूला ठेवून मी गच्चीवर जुन्या साड्या अंथरल्या आणि कबुतरं हाकलत बसलो.

हल्ली मी वजनाचाही रकाना काढलाय. तेलाची एक लिटरची पिशवी म्हणजे साधारण 910 ग्रॅम. तिच्याच शेजारी तशीच गुबगुबीत, पण साडेसातशे ग्रॅमची पिशवी उभी असते आणि 'स्वस्त' म्हणून खुणावते. मी दुकानात उभ्या उभ्या किलोचा भाव काढतो. मागची रांग उसासे टाकते. वाण्यानं एकदा नम्रपणे विचारलं, "साहेब, तुम्ही वजनमापवाले का?" तेव्हापासून तो मला भाव फोनवरच कळवतो, म्हणजे दुकानात यायला नको.

काल त्याचा मेसेज आला तेव्हा मी परातीत बसून, म्हणजे परातीसमोर बसून, तूरडाळीला एरंडेल चोळत होतो. कोपरापर्यंत तेल. फोन माझं बोट ओळखेना. बायकोनं उघडून वाचलं आणि म्हणाली, "डाळ उतरलीय."

आई म्हणाली, "खालची पण नीट चोळ."